ट्राम की भुयारी मेट्रो: उभ्या वेळेचा हिशेब

प्रश्न तीन पदरी आहे. ट्राम आणि भुयारी मेट्रो यांत नेमका फरक काय, मोठ्या शहरानं दोन्हींपैकी काय निवडावं, आणि आज रस्त्यावर ट्राम टाकून पुढेमागे तीच जमिनीखाली नेता येते का? वेळापत्रकं आखणं आणि गाड्यांच्या संचालनावर नजर ठेवणं यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

फरक शोधायला लोक आधी डब्यांकडे आणि रुळांकडे बघतात. तिथं फारसं काही सापडत नाही. दोन्हीकडे पोलादी रूळ, पोलादी चाकं, विजेच्या मोटारी, आणि बऱ्याच शहरांत दोन रुळांमधलं अंतरही तेच, १४३५ मिलिमीटर. जमिनीखाली जाते ती मेट्रो, असंही म्हणता येत नाही. बॉस्टनमध्ये १८९७ साली ट्रेमाँट रस्त्याखाली अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग झाला तो ट्रामसाठी. वर रस्त्यात ट्रामच्या पाठीला ट्राम लागायची म्हणून. आणि लंडनच्या अंडरग्राउंडचा निम्म्याहून जास्त मार्ग चक्क उघड्यावर आहे.

फरक आहे तो वाटेवरच्या हक्काचा. मेट्रोच्या वाटेत दुसरं कोणी येतच नाही. चौक नाही, पादचारी नाही, चुकीच्या जागी लावलेली मोटार नाही. ट्रामला वाट वाटून घ्यावी लागते. कधी पूर्णपणे, कधी फक्त चौकात. या एका गोष्टीतून बाकी सगळं निघतं: गाडीची लांबी, वेग, ब्रेक, सिग्नल, फलाटाची उंची, खर्च.

ब्रेकचंच बघा. ट्रामचा चालक मोटारचालकासारखा डोळ्यांनी बघून गाडी हाकतो. समोर दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे, हा त्याचा नियम. म्हणून ट्रामला नेहमीच्या ब्रेकखेरीज एक चुंबकी ब्रेक असतो. तो थेट रुळाला जाऊन चिकटतो, शिवाय चाकांपुढे वाळू पडते. ताशी ५० किलोमीटर वेगानं धावणारी ट्राम असा ब्रेक लावल्यावर पस्तीसएक मीटरमध्ये उभी राहते. चालकाला भान यायला लागणारा एक सेकंद धरला तर पन्नासएक मीटर. मेट्रोला अशी घाई परवडत नाही. उभ्यानं प्रवास करणारी माणसं पत्त्यांसारखी कोसळतील. तिचा ब्रेक सौम्य, म्हणून ताशी ८० वरून थांबायला सव्वादोनशे मीटर लागतात. बोगद्याच्या वळणावर सव्वादोनशे मीटर पुढचं दिसत नाही. तेव्हा मेट्रोत डोळ्यांचं काम सिग्नल यंत्रणेकडे जातं आणि पुढची वाट मोकळी नसेल तर यंत्रणा गाडीला पुढे सोडतच नाही.

(ट्रामचा तो चुंबकी ब्रेक लागला की आतली उभी माणसंही कोलमडतात. रुळावर अचानक सायकलवाला आला तर त्याला वाचवायचं की आतल्या आजीबाईंना, हा निर्णय चालकाला अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो. ट्राम चालवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस चालकाच्या मागे उभं राहून बघावं.)

डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची किंमतही असते. लंडनच्या क्रॉयडन भागात ९ नोव्हेंबर २०१६ रोजी पहाटे एक ट्राम सँडिलँड्सच्या तीव्र वळणावर उलटली आणि सात जण गेले. वळणाची मर्यादा ताशी २० किलोमीटर होती, ट्राम ७३ च्या वेगानं आली. चालकाला वळणाचं भान उरलं नव्हतं आणि त्याला थांबवणारी कुठलीही यंत्रणा तिथं नव्हती. पुढे अशा ठिकाणी वेगावर आपोआप लगाम घालणारी यंत्रणा बसवली गेली. पण भुयारात सगळं सुरक्षित आणि वर सगळं धोक्याचं असा याचा अर्थ घेऊ नका. लंडनच्याच मूरगेट स्थानकात १९७५ साली भुयारी गाडी शेवटच्या फलाटावर न थांबता बंद टोकाच्या भिंतीवर आदळली आणि ४३ माणसं गेली. तिथंही चालकाला रोखणारं काही नव्हतं.

आता क्षमतेकडे येतो, कारण निवडीचा प्रश्न तिथंच सुटतो. एका ट्राममध्ये, चांगली लांब असली तर, साधारण २५० माणसं मावतात. दर दोन मिनिटांनी एक सोडली तर तासाला ३० गाड्या, म्हणजे एका दिशेला साडेसात हजार माणसं. सहा डब्यांच्या मेट्रोत १२०० धरा. दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला ३६ हजार. ट्राम लांबवता येते का? येते. बुडापेस्टमध्ये ५० मीटरहून लांब ट्राम रोज धावतात. पण रस्त्यावरच्या गाडीची लांबी चौकांमधलं अंतर ठरवतं. गाडी थांब्यावर उभी असताना तिची शेपूट मागच्या चौकात राहिली तर आडवी वाहतूक बंद पडते. आणि दोन मिनिटांपेक्षा जवळ ट्राम आणायच्या म्हटलं तर चौकात आडव्या वाहनांना हिरवा दिवा द्यायला वेळच उरत नाही. म्हणून मोकळी, वेगळी वाट असलेल्या ट्रामचीही तासाला आठ-दहा हजारांच्या आसपास दमछाक होते.

मेट्रोत वेगळंच काहीतरी आडवं येतं, आणि नवख्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. मलाही आला नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मार्गाचं वेळापत्रक मी ९० सेकंदांच्या अंतरानं आखलं. कागदावर तासाला ४० गाड्या. गाडी फलाटावरून निघून मागची तिच्या जागी येईपर्यंत ५५ सेकंद, दारं उघडी ठेवायला ३५ सेकंद, बेरीज बरोबर ९०. पहिल्याच सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत सगळ्या मार्गाचा विचका झाला. नियंत्रण कक्षातले लोक म्हणत होते सिग्नलमध्ये बिघाड आहे, सिग्नलवाले म्हणत होते गाडीत आहे. दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन मधल्या एका स्थानकावर जाऊन उभा राहिलो. दारं उघडी राहिलेला वेळ एकेका गाडीचा टिपत गेलो: ३१, ३३, ३०, ५२, ३४, ४९. पुन्हा ५१. सगळी जास्तीची सेकंदं एकाच दारात जात होती, शेवटच्या डब्याच्या मागच्या दारात. त्या स्थानकाचा एकुलता एक जिना फलाटाच्या त्याच टोकाला उतरत होता. धावत खाली आलेला माणूस समोरच्या पहिल्या दारात घुसतो, त्याच्या मागचा त्याच्या पाठीवर, आणि तिसरा पिशवी आडवी घालतो. दार पिशवीला टेकून परत उघडतं, पुन्हा बंद होतं. या एका खेळात सहा-सात सेकंद जातात. बाकीची तेवीस दारं तोवर रिकाम्या तोंडानं उभी.

गणित करून बघा. सहा डबे, प्रत्येकाला एका बाजूला चार दारं, म्हणजे २४ दारं. स्थानकावर २४० माणसं उतरली, २४० चढली. सारखी वाटली गेली तर एका दाराला २० येतात, आणि रुंद दारातून दोघं एका वेळी जातात हे धरलं तर पंधरा सेकंदांत सगळं उरकतं. पण एका दाराला ५० आली तर पस्तीस-चाळीस सेकंद. गाडी सरासरी दारासाठी थांबत नाही, सर्वांत गर्दीच्या दारासाठी थांबते. थांबा पस्तीसवरून पन्नास सेकंदांवर गेला की दोन गाड्यांमधलं अंतर ९० चं १०५ होतं, आणि तासाला ४० ऐवजी ३४ गाड्या. गेल्या किती? सहा गाड्या, म्हणजे ७२०० माणसं. पंधरा सेकंदांनी जवळजवळ एका अख्ख्या ट्राममार्गाएवढी क्षमता खाल्ली.

म्हणून मी नव्या मेट्रोचा नकाशा बघतो तेव्हा गाडीचा कमाल वेग शेवटी बघतो. आधी जिने कुठं उतरतात ते. एका स्थानकात जिना पुढच्या टोकाला, पुढच्यात मध्ये, त्यापुढच्यात मागे असा असेल तर प्रवासी आपोआप सगळ्या डब्यांत विखुरतात. सगळीकडे एकाच टोकाला असेल तर शेवटचा डबा जन्मभर चेंगरलेला आणि पहिला हवेशीर. हे दुरुस्त करायला नंतर हातात फार थोडं असतं. आम्ही त्या स्थानकावर दोन माणसं उभी केली, फलाटावर रांगांच्या खुणा केल्या आणि वेळापत्रक ९० वरून १०० सेकंदांवर आणलं. कागदावर चार गाड्या कमी झाल्या, प्रत्यक्षात आदल्यापेक्षा जास्त धावल्या.

सेकंदांची ही शर्यत मोठ्या शहरांतले जाणते संचालक दशकानुदशकं लढत आले आहेत. लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका १९६८ साली उघडली तेव्हापासून गाडी आपोआप चालते. चालक दारं बघतो आणि निघण्याचं बटण दाबतो. त्याच मार्गिकेवर २०१७ पासून ऐन गर्दीत तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे १०० सेकंदाला एक. पॅरिसची १४ क्रमांकाची मार्गिका १९९८ साली चालकाविनाच सुरू झाली. पॅरिसनं पुढे आपली १९०० सालची सर्वांत जुनी मार्गिकाही विनाचालक करून दाखवली आणि त्यासाठी फलाटाच्या कडेला काचेची दारं बसवली. विनाचालक गाडीचा खरा फायदा पगार वाचण्यात नाही. अचानक गर्दी झाली तर जास्तीची गाडी काढायला चालक शोधत बसावं लागत नाही, हा आहे.

ट्रामचा उभा वेळ, म्हणजे गाडी नुसती उभी राहण्यात जाणारा वेळ, वेगळ्या ठिकाणी सांडतो. तिचा थोडा थांब्यावर जातो, पण बराचसा लाल दिव्यापुढे. चाकं फिरत असताना ट्राम चांगली पळते. पण रस्ता मोटारींबरोबर वाटून घेणारी ट्राम सगळं धरून ताशी पंधराएक किलोमीटरच्या पुढे जात नाही. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सर्वांत मोठं, २५० किलोमीटरच्या घरातलं, आणि त्याचा बहुतांश भाग मोटारींमध्ये मिसळलेला आहे. मेट्रो मात्र ३०-३५ सहज गाठते. या आकड्यांवरून ट्रामला मोडीत काढणारे लोक एक गोष्ट विसरतात. तिच्या उभ्या वेळेचा मोठा भाग दुरुस्त होऊ शकतो, आणि तो खणल्याविना.

झुरिकचं उदाहरण मी प्रत्येक नगर अभियंत्याला सांगतो. तिथल्या मतदारांनी १९६२ साली ट्राम जमिनीखाली नेण्याचा आराखडा फेटाळला आणि १९७३ साली भुयारी मेट्रोचाही. प्रशासन अडचणीत आलं, कारण रस्त्यात तर ट्राम अडकत होत्या. मग १९७७ साली लोकांनीच मतदान करून ट्राम आणि बस यांचा वेग वाढवण्यासाठी वीस कोटी फ्रँक मंजूर केले. ते पैसे गेले कुठं? चौकाचौकांत. ट्राम येतेय हे सिग्नलला आधी कळावं म्हणून रस्त्यात तारेची वेटोळी पुरली, मोटारींना काही वळणं बंद केली, थांब्यांच्या जागा हलवल्या. ट्राम चौकात पोचते तेव्हा दिवा हिरवा झालेला असतो आणि ती गेली की लगेच आडव्या वाहनांना परत मिळतो. मोटारींचा हिरवा वेळ त्यामुळे फारसा घटत नाही, फक्त त्याची जागा सरकते. हे मी एका वाहतूक पोलिसाला कागदावर काढून दाखवलं होतं. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हाला जास्त वेळ नको, योग्य वेळ हवीय.” आमच्या अहवालाच्या चाळीस पानांत इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

ट्रामला आणखी एक रोग असतो आणि थांब्यावर तिष्ठलेल्या प्रत्येकानं तो बघितला आहे: वीस मिनिटं काहीच येत नाही आणि मग दोन एकदम येतात. यात कुणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही. एक गाडी कशानं तरी दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ, गाडी आणखी मागे, पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. तिच्या मागच्या गाडीला उलट माणसंच मिळत नाहीत, ती भराभर सुटत पुढचीला गाठते. औषध सोपं आहे आणि प्रवाशांना अजिबात आवडत नाही: मागच्या रिकाम्या गाडीला एखाद्या थांब्यावर मुद्दाम रोखून धरायचं. “रस्ता मोकळा असताना का थांबलात?” असं चालकाला ऐकून घ्यावं लागतं. दर पाच मिनिटांनी किंवा त्याहून लवकर गाडी असेल तर घड्याळातली वेळ पाळण्यात अर्थ नसतो, दोन गाड्यांमधलं अंतर पाळायचं. नियंत्रण कक्षात नव्यानं आलेल्यांना हे पटवायला मला महिने लागायचे, कारण गाडी ‘वेळेवर’ दाखवणारा हिरवा ठिपका पडद्यावर फार छान दिसतो.

आता प्रवाशाच्या बाजूनं मोजू. ट्रामचे थांबे चारपाचशे मीटरवर, मेट्रोची स्थानकं किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर. तीन किलोमीटरचा प्रवास धरा. ट्रामला घरापासून तीन मिनिटं चालत, तीन मिनिटं वाट बघणं, वेगळ्या वाटेवर ताशी १८ नं दहा मिनिटं, आणि उतरून तीन मिनिटं चाल: एकूण १९. मेट्रोला साडेसात मिनिटं चाल, जिन्यानं आणि तपासणी-फाटकातून खाली जायला तीन, वाट दीड, गाडीत साडेपाच, वर यायला तीन, पुढे सात: साडेसत्तावीस. जवळजवळ दुप्पट वेगाची गाडी साडेआठ मिनिटांनी हरली! हाच प्रवास बारा किलोमीटरचा केला की ट्रामला ४९ मिनिटं लागतात, मेट्रोला ४४. दोन्हींची बरोबरी साडेआठ किलोमीटरच्या आसपास होते. तुमच्या शहरातले आकडे घाला, उत्तर थोडं हलेल. पण छोट्या प्रवासाला ट्राम आणि लांबच्याला मेट्रो हा कल बदलणार नाही. लोकांचे बहुतेक प्रवास किती लांबीचे आहेत हे आधी मोजलं पाहिजे, आणि पुष्कळ शहरं मोजत नाहीत.

या हिशेबात सगळ्यात जास्त बदलणारा आकडा म्हणजे जिन्याचा. बुडापेस्टची १८९६ सालची भुयारी मार्गिका रस्त्याच्या अगदी खाली आहे. उघडा चर खणायचा, बांधकाम करायचं, वरून छत घालून रस्ता परत करायचा, ही जुनी रीत. रस्त्यावरून काही पायऱ्या उतरलात की समोर गाडी. मला विचाराल तर प्रवाशाच्या पायांचा इतका विचार केलेलं भुयार पुन्हा फारसं झालं नाही. दुसऱ्या टोकाला कीव्हचं आर्सेनाल्ना स्थानक, जमिनीखाली १०५ मीटर; एकापाठोपाठ दोन सरकत्या जिन्यांवर पाचएक मिनिटं नुसतं उभं राहायचं. खोल जाण्याची कारणं असतात: वरच्या इमारती, नदी, आधीची भुयारं, मातीचा थर. लंडनमध्ये १८६३ साली धावलेली पहिली भुयारी रेल्वे वाफेच्या इंजिनाची होती, म्हणून ती उथळ चरातच ठेवावी लागली, धूर बाहेर जायला जागा हवी होती. विजेच्या मोटारी आल्या तेव्हाच, १८९० साली, खोल मातीतून नळीसारखं भुयार काढून गाडी चालवता आली. बोगदा खोदणाऱ्या आजच्या यंत्रांनी खोली आणखी सोपी केली आहे. यंत्राला तीस मीटर काय आणि पन्नास काय. प्रवाशाला मात्र फरक पडतो, रोज दोनदा.

खोल भुयारात उष्णतेचाही प्रश्न असतो. गाडी ब्रेक लावते तेव्हा तिचा वेग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती उष्णता भिंतींत मुरते. लंडनची चिकणमाती शंभर वर्षं ही ऊब पीत आली, आता तिच्यात आणखी प्यायला जागा नाही. म्हणून जुन्या खोल मार्गिकांवर उन्हाळ्यात घाम फुटतो. नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात, त्यानं बरंच हलकं होतं. आगीचा धोका वेगळाच. किंग्ज क्रॉस स्थानकात १९८७ साली लाकडी सरकत्या जिन्याखाली लागलेल्या आगीनं ३१ बळी घेतले. भुयारातली हवा खेळवणं, धूर कोणत्या दिशेला ओढायचा आणि माणसं कोणत्या दिशेला पळवायची, हे स्थानकाच्या खर्चातलं मोठं प्रकरण आहे.

खर्चावर थोडक्यात. भुयारी किलोमीटरला रस्त्यावरच्या ट्रामच्या पाच ते दहा पट पैसा लागतो असं धरून चाला, आणि त्यातही स्थानकंच महाग. न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू मार्गाचा पहिला टप्पा २०१७ साली उघडला: तीन किलोमीटरहूनही कमी, तीन नवी स्थानकं, साडेचार अब्ज डॉलर. हे टोकाचं उदाहरण आहे, सगळीकडे असं होत नाही. खणण्यातली जोखीमही हिशेबात धरायची असते. कोलोनमध्ये २००९ साली भुयारी मार्गाच्या कामाशेजारी शहराचा ऐतिहासिक दप्तरखानाच कोसळला, दोन माणसं गेली आणि शतकांचे कागद चिखलात गेले. ट्राम म्हणजे स्वस्त आणि मस्त असंही समजू नका. रूळ टाकायच्या आधी खालच्या पाण्याच्या, गॅसच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि केबल बाजूला घ्याव्या लागतात, नाहीतर एक नळ फुटला की मार्ग बंद. एडिंबरामध्ये २०१४ साली ट्राम सुरू झाली ती ठरल्यापेक्षा बरीच उशिरा, ठरल्यापेक्षा आखूड आणि ठरल्यापेक्षा महाग. त्यात या वाहिन्यांचा हात मोठा होता. कुठली वाहिनी कुठून जाते हे नकाशात दिसतं तसं खाली नसतं, हा माझाही अनुभव आहे. एकदा नकाशात नसलेली विटांची गटार खोदकामात निघाली आणि तिनं आम्हाला अकरा आठवडे बसवून ठेवलं.

मग निवडायचं काय? एका दिशेला तासाला पाच-सहा हजार माणसं असतील, प्रवास छोटे असतील आणि रस्त्यातली जागा मोटारींकडून काढून घ्यायची हिंमत असेल तर ट्राम. पंधरा हजारांच्या पुढे असतील तर मेट्रो, तिथं चर्चा करत बसू नये. मधल्या पट्ट्यात भांडण असतं आणि ते सहसा अभियंत्यांचं नसतं. स्ट्रासबुर्गमध्ये १९८९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत हाच मुद्दा होता. आधीच्या लोकांना विनाचालक भुयारी मेट्रो हवी होती, कॅथरीन ट्रॉटमन ट्रामच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. १९९४ साली ट्राम धावली. जमिनीखालची मेट्रो घेतली असती तर वरचा रस्ता मोटारींकडे तसाच राहिला असता. ट्रामसाठी त्यांनी शहराच्या मधल्या चौकातून मोटारी बाहेर काढल्या. मेट्रोच्या बाजूनं बोलणाऱ्या काही लोकांचं खरं म्हणणं ‘आमच्या मोटारींना धक्का लागू नये’ एवढंच असतं, हे बैठकांमध्ये बसून बसून कळायला लागतं. ते म्हणणं चूकच असतं असं नाही, पण ते उघड मांडलं जावं.

तिसरा प्रश्न: ट्राम पुढे भुयारात नेता येते का? येते. ब्रुसेल्सनं हे ठरवून केलं. गर्दीच्या भागात मेट्रोच्या मापाची भुयारं आणि स्थानकं बांधली, त्यांत आधी ट्राम चालवल्या आणि मग काही मार्गांवर मेट्रो आणली. जर्मनीतल्या कोलोन, स्टुटगार्ट अशा शहरांत मधल्या भागात भुयारी आणि बाहेर रस्त्यावर असं मिश्रण आजही चालतं. पण तशी इच्छा असेल तर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्या लागतात. फलाटाची उंची पहिली. रस्त्यावरची खालच्या तळाची ट्राम जमिनीपासून ३०-३५ सेंटिमीटरवर असते, मेट्रोचा फलाट मीटरच्या आसपास. एकाच मार्गावर दोन्ही आले की कुठल्या तरी स्थानकात चाकाच्या खुर्चीतला प्रवासी अडकतो. दुसरी वळणं. ट्राम पंचवीस मीटर त्रिज्येच्या वळणातही कुंथत, किंचाळत का होईना निघून जाते. मेट्रोच्या लांब डब्याला ते जमत नाही, म्हणून भुयारातलं वळण आजच सैल ठेवा. तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. वरच्या रस्त्यावर चार मिनिटं अडकलेली ट्राम भुयारात शिरते तेव्हा आपला उशीर घेऊनच शिरते, आणि आत तिच्या मागे चार वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या असतात. भुयाराच्या तोंडावर गाड्यांना क्रम लावायला एक जास्तीचा रूळ, थांबायला जागा आणि तिथं निर्णय घेणारा एक माणूस हवा. आराखड्यात हा जास्तीचा रूळ सर्वांत आधी कापला जातो, कारण उद्घाटनाच्या दिवशी त्याचा काहीच उपयोग दिसत नाही.